तब्येतीची चौकशी

माझा पुतण्या सुट्टीच्या दिवशी पाड्यावर येतो. सरकारी कचेरीत कारकून आहे, जव्हारला राहतो. त्याचं घर ओहळाच्या पलीकडे, तिथवर गाडी जात नाही, म्हणून मोटारसायकल माझ्याच अंगणात लावतो. हेल्मेट काढतो, केसांवरून हात फिरवतो आणि विचारतो, "काकी, तब्येत कशी आहे?"

"अजून मरत नाही," मी सांगते.

"असं काय बोलता काकी!"

"तुला जे पाहिजे होतं ते सांगितलं. जा आता."

तो हसतो. मी हसत नाही, कारण त्याची चौकशी खरी आहे. माझ्या नवऱ्याच्या वाट्याचं भाताचं खाचर मी जिवंत असेपर्यंत माझं, असं कोर्टाने ठरवलं आहे. मी मेले की ते पुतण्याचं होणार. माझ्या मुलीचं ते कधीच नाही. ती पोरवयापासून त्याच चिखलात वाकलेली आहे. पेरणीआधी पाला जाळून राब तीच भाजते, रोपं काढून आवणी तीच करते, बांध फुटला तर रात्रीच्या पावसात घोंगडी डोक्यावर घेऊन तीच धावते. तिचा नवरा वीटभट्टीवर दुसरीबरोबर राहिला, तेव्हा ती लहान पोरीला घेऊन आमच्याकडे परत आली आणि परत गेली नाही. तिच्या पोटापाण्याला आता माझ्या श्वासाचा आधार आहे. मला खोकला आला तरी ती घाबरून बघते. प्रेमाने बघते की खाचरासाठी, ते मी विचारत नाही. दोन्ही असेल.

हे असं का झालं ते सांगायचं तर आमच्या लग्नाच्या चालीपासून सुरुवात करावी लागेल. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातल्या माणसाला हे सांगायची गरज नाही, पण खालच्या माणसाला आणि कोर्टाला ती कळत नाही.

आमच्यात मुलगी मागायला येतात तेव्हा दोन्हीकडचे म्हातारे अंगणात बसतात. दारूची बाटली आणलेली असते. देवाचं आणि मेलेल्या वाडवडिलांचं नाव घेऊन तिचा थेंब जमिनीवर टाकतात, मुलीला लुगडं देतात, पाड्याला गूळ वाटतात. थेंब पडला की बोल पक्का झाला. त्या दिवसापासून मुलगी त्या घरची बायको, सून, सगळं काही. लग्न म्हणजे मांडव, वाजंत्री, सगळ्या पाड्याचं जेवण, आणि धवलेरी. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई. आमच्यात ते काम भटजी करत नाही, ती गाणी म्हणत करते. एवढं सगळं करायला एखादं वर्ष हातात धान्य शिल्लक लागतं. भात कापून झालं की अर्धा पाडा भिवंडीकडे, वसईकडे जगायला जातो, पावसाच्या तोंडावर परत येतो. त्यात मांडव कधी घालणार? म्हणून लग्न मागे राहतं. पोरं होतात, मोठी होतात, मग सवड झाली की लग्न लागतं. बाप आणि मुलगा एकाच मांडवात नवरे झालेले मी पाहिलेत. त्यात कोणाला लाज वाटत नव्हती. लाज वाटायला आम्हाला शिकवावं लागलं.

माझी मोठी जाऊ, या पुतण्याची आई, तिचं लग्न लागलं तेव्हा हा शाळेत जायला लागला होता. आईला हळद लावताना पाहून त्याने भोकाड पसरलं, मला पण लावा म्हणून. धवलेरीने त्याच्या नाकाला हळदीचं बोट लावलं आणि म्हणाली, "घे, तुझं पण उरकलं." सगळा मांडव हसला. मंगळसूत्र बांधताना मी त्याला कडेवर घेऊन उभी होते. चांगला जड होता. गुळाचे हात त्याने माझ्या खांद्याला पुसले.

त्याच मांडवात आमचंही लग्न उरकायचं होतं. दोघा भावांचं एका खर्चात होईल असं सासऱ्याने ठरवलं होतं. पण त्याच आठवड्यात माझी आई गेली, सुतक पडलं. मांडव घातलेला, माणसं बोलावलेली, त्यामुळे जावेचं झालं आणि आमचं राहिलं. माझी मुलगी तेव्हा पाळण्यात होती. पुढच्या वर्षी करू म्हणाले. पुढच्या वर्षी भात पडलं. त्याच्या पुढच्या वर्षी सासरा गेला. मग आम्हीच तो विषय सोडून दिला. कोणी विचारलं तर माझा नवरा म्हणायचा, "घाई काय आहे, पळून थोडीच चाललीय?"

आमचं हे राहिलेलं लग्न शेवटी एका पुढाऱ्याने लावलं. निवडणुकीच्या आधीचा उन्हाळा होता. पाड्यापाड्यावर त्याची माणसं फिरली. ज्यांची लग्नं लागली नाहीत त्यांची सामुदायिक विवाह सोहळ्यात लावून देऊ, साडी, मंगळसूत्र, भांडी आणि सरकारी कागद देऊ, असं सांगत होती. मी म्हटलं, या वयात मी बाशिंग बांधणार नाही. पण माझा म्हातारा ऐकेना. त्याला साडी नको होती, भांडी नको होती. त्याला कागद पाहिजे होता.

"माझ्यामागं तू कचेरीत जाशील तेव्हा तुला कोण विचारील?" तो म्हणाला. "तुझं तोंड बघून कोण देणार? कागद असू दे."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. कचेरीत माणूस उभा असला तरी त्याचा कागद मागतात, हे त्याने जन्मभर पाहिलेलं. म्हणून गेलो.

टेम्पोत भरून नेलं. मैदानावर मंडप, नवऱ्यामुलींच्या छातीवर नंबराचे बिल्ले. शाळेतली पोरं बसावी तशा रांगा. निम्म्या नवऱ्यामुलींच्या मांडीवर पोरं होती. माझ्या मांडीवर माझी नात होती. शेजारी साखरशेतकडची एक म्हातारी बसली होती, तोंडात एक दात नाही. मागून कोणीतरी ओरडलं, "ए नवरी, दात कुठं ठेवलेस?"

ती मागे न बघता म्हणाली, "घरी ठेवलेत. नवऱ्याला चावू नये म्हणून."

मी एवढं हसले त्या दिवशी. पुढे नाही.

एक तरुण पोरगा सह्या घेत फिरत होता. मी चौथी शिकलेली आहे. हाताला लागेल तो कागद वाचायची मला खोड आहे. छापील होतं, "आम्ही दोघेही अविवाहित असून."

मी म्हटलं, "पोरा, हे खोटं आहे. ही नात आहे माझी."

"आजी, सगळ्यांचं छापील एकच आहे. सही करा ना, पलीकडं भांडी संपतील."

म्हाताऱ्याने अंगठा दिला. मी सही केली.

पुढारी उन्हं उतरायला लागल्यावर आला. तोवर फुलं सुकली, पोरं रडून झोपली. त्याने भाषण केलं. माझ्या गोरगरीब बंधू-भगिनींना मी लग्नाविना राहण्याच्या अंधारातून बाहेर काढतो आहे, आजपासून ते समाजात ताठ मानेने जगतील, असं म्हणाला. टाळ्या वाजल्या. म्हातारा माझ्या कानाशी वाकला. "आपण अंधारात होतो काय गं?"

"वीज तर होती," मी म्हटलं. "कधी कधी."

लाऊडस्पीकरवर मंगलाष्टका झाल्या. स्टेजवरून फेकलेल्या अक्षता पहिल्या दोन रांगांवर पडल्या. आमच्यापर्यंत आल्या नाहीत. पुढाऱ्याच्या बायकोने सगळ्या नवऱ्यामुलींचं मिळून एकच कन्यादान केलं. वयाने ती माझ्या मुलीपेक्षा लहान होती. पुढारी निवडून आला की पडला, हे सांगून उपयोग नाही. पुढे त्याने पक्ष बदलला आणि परत तोच सोहळा दुसऱ्या झेंड्याखाली केला.

म्हातारा नंतर ताप येऊन गेला. शेतात नागली उभी होती. दीर आधीच गेलेला, म्हणून अग्नी पुतण्याने दिला, डोकं भादरलं, सगळं रीतीने केलं. मी मनात म्हटलं, मुलगा नाही तर नाही, हा आहे. म्हाताऱ्याने जिवंतपणी चार माणसांसमोर सांगितलेलं होतं की त्याच्या वाट्याचं खाचर मुलीचं. पुतण्या त्या चार माणसांत बसलेला होता, मान हलवत होता. म्हणून तलाठ्याकडे माझं आणि मुलीचं नाव लावायचा अर्ज दिला तेव्हा मला काही शंका नव्हती. हरकत पुतण्याने घेतली. मला त्याने सांगितलं नाही, तलाठ्याने सांगितलं. हरकत घेतल्यानंतरच्या सुट्टीला तो आला, गाडी अंगणात लावली, आणि मी त्याला चहा दिला. का दिला माहीत नाही. हात सवयीने चालतो.

त्याच्या हरकतीत दोन गोष्टी होत्या. एक, आमचं लग्न त्या सोहळ्याच्या तारखेला झालं, त्याच्या आधी जन्मलेली मुलगी लग्नाची नाही. दुसरी, लग्नाची असली तरी आमच्या जमातीच्या रूढीत मुलीला जमिनीत वाटा नाही. नीट बघा. लग्नाच्या वेळी त्याला सरकारी कागद पाहिजे होता, आणि मुलीच्या वेळी रूढी. एकाच अर्जात दोन्ही. हे त्याला सुचलं नसेल, वकिलाने सुचवलं असेल. पण आवडलं त्याला.

कोर्ट कुठलं ते सांगत नाही. बाकडी सगळीकडे सारखीच असतात. सकाळच्या एसटीने जायचं, पुकारा होईपर्यंत बसायचं, संध्याकाळी पुढची तारीख घेऊन यायचं. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. नातीचे केस मी पहिल्यांदा कोर्टात गेले तेव्हा कानापर्यंत होते, माझी साक्ष झाली तेव्हा कमरेपर्यंत. आमचा वकील वाईट नव्हता. त्याला आमची केस लहान वाटायची, एवढंच. बोलता बोलता फोन आला की तो उठून जायचा, परत आला की विचारायचा, "हां, तुमचं काय होतं?"

न्यायाधीश बाई होत्या, तरुण. मला बरं वाटलं. बाई आहे, कळेल, असं वाटलं. त्यांनी मला खुर्ची द्यायला लावली, पाणी मागवलं, सावकाश बोला आजी म्हणाल्या. पुतण्याचा वकीलही मला आजीच म्हणत होता. कोर्टात माझ्याशी सगळे फार चांगलं बोलले.

"आजी, तुम्हाला वाचता येतं?" पुतण्याच्या वकिलाने विचारलं.

"येतं."

"मग एवढं वाचून दाखवा." त्याने सोहळ्यातला कागद पुढे केला.

"आम्ही दोघेही अविवाहित असून," मी वाचलं.

"खाली सही कोणाची?"

"माझी."

"म्हणजे त्या दिवशी तुमचं लग्न झालेलं नव्हतं."

"त्या दिवशी माझी नात माझ्या मांडीवर बसलेली होती."

"ते विचारलं नाही आजी. लग्न झालेलं होतं की नव्हतं?"

"आमच्या रीतीने झालेलं होतं. थेंब टाकला होता."

"थेंब." तो बाईंकडे बघून हसला. "बरं. मग सरकारला तुम्ही खोटं लिहून दिलंत?"

"सरकारला नाही, पुढाऱ्याला."

मागच्या बाकांवर हसू झालं.

"साडी, भांडी घेतलीत?"

"घेतली. तांब्या गळका निघाला."

परत हसले. तो हसला नाही. "आजी, दोनपैकी एक सांगा. एक तर तेव्हा लग्न झालेलं नव्हतं आणि त्यांनी तुम्हाला ठेवलेलं होतं, किंवा झालेलं होतं आणि तुम्ही हा खोटा कागद केलात. काय खरं?"

ठेवलेलं. हा शब्द मला माझ्या जन्मात कोणी लावला नव्हता. ज्याच्या बाजूने तो बोलत होता त्याच्या नाकाचा शेंबूड मी पुसलेला. मी पुतण्याकडे बोट केलं. "ह्याला विचारा. ह्याच्या आईबापाच्या लग्नात हा माझ्या कडेवर होता. स्वतःच्या हाताने गूळ खात होता. ह्याच्या नाकाला हळद लागली होती. मग हा कोणाचा?"

पुतण्याने खाली बघितलं. मला वाटलं, आता झालं. आता कोणाला काही सांगायचं उरलं नाही.

न्यायाधीश बाई म्हणाल्या, "आजी, तो मुद्दा या दाव्यात नाही."

"का नाही?"

"त्यांच्या वारसपणाला कोणी हरकत घेतलेली नाही."

असं असतं ते. दोन जावांची दोन पोरं, दोन्ही मांडवाच्या आधी जन्मलेली. एकीच्या लग्नात सुतक पडलं नाही म्हणून तिचं लग्न कधी झालं हे कोणी विचारलं नाही. दुसरीच्या लग्नावर तारखेचा शिक्का बसला म्हणून तिची मुलगी उघडी पडली. म्हाताऱ्याने मला सांभाळायला जो कागद घेतला, त्याच कागदाने त्याच्या मुलीला बाहेर काढलं. आम्ही त्या सोहळ्याला गेलोच नसतो, कागदच नसता, तर कदाचित चाललं असतं, असं आमचा वकील नंतर म्हणाला. म्हणजे पुढाऱ्याने अंधारातून काढलं नसतं तर बरं झालं असतं.

मी जे बोलत होते ते बाई लिहून घ्यायला सांगत होत्या. माझे शब्द टाइप होऊन माझ्याकडे सहीला आले तेव्हा मी ते ओळखले नाहीत. "आम्ही घर केलं" असं मी म्हटलं होतं, कागदावर "सहवासात राहत होतो" असं होतं. वाचून झाल्यावर सही करा म्हणाले. सही करायला मला कधीच अडचण येत नाही.

निकाल लागला. मुलीला वाटा देत नाहीत ही रूढी सिद्ध झाली. त्यासाठी पुतण्याने पाड्यावरचे तीन म्हातारे उभे केले होते. ते खोटं बोलले नाहीत. आमच्यात देत नाहीतच. आमची चाल फार चांगली होती असं मी म्हणणार नाही. बाईने राबायचं आणि सातबाऱ्यावर पुरुषाने बसायचं, हे आमच्यातही आहे. आम्ही डोंगरात राहतो म्हणून कोणी आम्हाला भोळे समजू नये. पण त्याच तीन म्हाताऱ्यांनी हेही सांगितलं होतं की थेंब टाकला की लग्न झालं. ती रूढी मात्र सिद्ध झाली नाही. त्याला आणखी पुरावा पाहिजे होता. म्हणजे आमची रीत बाईकडून काढून घेते तेवढी कोर्टाला खरी वाटली, आणि देते तेवढी खोटी. मला विधवा म्हणून मरेपर्यंत पोट भरायला खाचर दिलं. पुढारी आणि पुतण्या दोघेही म्हणू शकतात की आम्ही म्हातारीचं भलं केलं.

वरच्या कोर्टात अपील करायचं ठरलं तेव्हा आमच्या वकिलाने आम्हाला कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसवलं. त्या दिवशी त्याने फोन खिशात ठेवला होता.

"एक रस्ता आहे," तो म्हणाला. "तुम्ही साक्षीत जे बोललात ना, गुळाचं, हळदीचं, ते आपण वापरायचं. त्याच्याही वारसपणाला हरकत घ्यायची. त्याच्या आईबापाचं लग्न त्याच्या जन्मानंतरचं, म्हणजे तोही लग्नाचा नाही. बापाच्या वाट्यावरून तोही उडतो. हरकत घेतली की तो धावत तडजोडीला येईल. खाचर तुमच्या मुलीला लिहून देईल."

"मला काय करायला लागेल?" मी विचारलं.

"शपथेवर सांगायचं. की त्यांच्या आईबापाचं लग्न अमुक वेळी झालं, त्याच्या आधी ते लग्नाशिवाय एकत्र राहत होते. थेंबाबिंबाचं काही बोलायचं नाही. थेंबाला लग्न म्हटलं तर तोही सुटेल."

मुलगी लगेच म्हणाली, "करा."

मी म्हटलं, "मला नाही जमायचं."

वकिलाने पेला खाली ठेवला. मुलगी एसटीत दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. पोशेऱ्याच्या पुढे उतरून चालायला लागलो तेव्हा ती पुढे, मी मागे. ओहळाशी ती थांबली.

"का नाही जमायचं?"

"तुझ्या मोठ्या आईला ठेवलेली म्हणायला पाहिजे. मी नाही म्हणणार."

"ती मेली. तिला खाचर लागतंय काय? मला लागतंय."

"मला कोर्टात म्हणाले तेव्हा तू मागं बसून रडलीस."

"रडले. मग? माझं रडणं झालं, आता माझी पोरगी काय खाईल ते सांग."

मी देवमाणूस आहे म्हणून नकार दिला असं कोणी समजू नये. जावेशी माझं फार पटत नव्हतं. ती सरपणाची मोळी स्वतःची लहान बांधायची आणि माझ्याकडे मोठी द्यायची. पण तिचं बाळंतपण मी केलं आणि माझं तिने केलं. आणि नुसती तिचीच गोष्ट नाही. तसं शपथेवर सांगितलं म्हणजे मला, माझ्या सासूला, माझ्या आईला, सगळ्या पाड्याला तोच शब्द लागतो. पुतण्याच्या वकिलाला माझ्या तोंडून तेच काढायचं होतं, निघालं नाही. आता आमच्याच वकिलाच्या सांगण्यावरून मी ते आपणहून बोलू?

मुलगी म्हणाली, "तुझ्या जावेची अब्रू राहिली. माझं खाचर गेलं."

अपील तसंच दाखल केलं, हरकतीशिवाय. ते पडून आहे.

गेल्या उन्हाळ्यात नातीला मागायला वांगणीकडची माणसं आली. मुलगा वसईला कारखान्यात जातो, बरा वाटला. दोन्हीकडचे म्हातारे माझ्या अंगणात बसले. मुलाच्या आज्याने बाटली काढली, झाकण उघडलं, जमिनीशी वाकला. तेवढ्यात माझी मुलगी घरातून बाहेर आली आणि म्हणाली, "थांबा. आधी कागद."

म्हातारा वाकलेलाच राहिला. "कसला कागद बाय?"

"लग्नाचा. ग्रामपंचायतीत नोंद करायची. मग पोरगी नेईल."

"अगं, मांडवाची सवड कुठं आहे अजून? दोन वर्षांनी लावू की. तुमचं नाय काय..." तो बोलता बोलता थांबला. आमची केस सगळ्यांना माहीत आहे.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अंगणात मी सगळ्यात म्हातारी. आणि कोर्टात थेंबासाठी भांडलेली मीच. मी बोलेन, अशी वाट बघत होते. मुलगीही बघत होती. ती कशी बघत होती ते मी सांगू शकत नाही.

मी म्हटलं, "ती सांगते तसं करा."

म्हाताऱ्याने झाकण लावलं आणि बाटली ओट्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत गेलो. तिथे सांगितलं, नोंद झालेल्या लग्नाची होते, लग्नाचा फोटो पाहिजे. लग्न तर झालेलं नव्हतं. मुलाच्या मामाने बाजारातून दोन हार आणले. ग्रामपंचायतीच्या भिंतीशी दोघांना उभं केलं, हार घालायला लावले, मोबाइलवर फोटो काढला. मागे शौचालयाच्या योजनेची पाटी होती, ती फोटोत येऊ नये म्हणून दोघांना जरा सरकवलं. नात हसत होती. तिला गंमत वाटत होती. साक्षीदार म्हणून मला बोलावलं. मी वाचलं. सदर विवाह आमच्या समक्ष झाला, असं लिहिलेलं होतं.

पुढाऱ्याच्या मांडवात माझं झालेलं लग्न झालंच नाही म्हणून मी सही केली होती. इथे नातीचं न झालेलं लग्न झालं म्हणून सही केली. मुलगी शेजारी उभी होती. सही होईपर्यंत तिने माझ्या हातावरून नजर काढली नाही. झाल्यावर कागद तिने स्वतः घेतला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी चोळीत घातली.

नात त्याच दिवशी सासरी गेली. जेवणं झाली, माणसं निघाली, टेम्पोला जागा कमी पडली म्हणून आरडाओरडा झाला. थेंब टाकायचा राहूनच गेला. संध्याकाळी ओटा झाडताना बाटली दिसली तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाकी कोणाच्या आलं नव्हतं.

पुढच्या सुट्टीला पुतण्या आला. गाडी लावली, हेल्मेट काढलं.

"काकी, तब्येत कशी आहे? नातीचं लग्न नोंदवलंत म्हणे. बरं केलंत. कायद्याने केलेलं चांगलं."

मी ओट्यावरची बाटली उचलून त्याच्या हातात दिली.

"ही घेऊन जा," मी म्हटलं. "आमच्या घरात आता तिचं काम नाही."

त्याने बाटली उजेडात धरून बघितली, झाकण घट्ट आहे का ते तपासलं आणि गाडीच्या बाजूच्या डिकीत ठेवली. मुलगी खाली खाचरात राबासाठी पाला पसरत होती. तिने वर बघितलं नाही.